लॅपटॉप चार्ज होईना? ‘मदरबोर्ड गेला’ म्हणायच्या आधी घरीच एवढं तपासा

लाईट गेली, परत आली आणि तेव्हापासून लॅपटॉप चार्जच होईना. पावसाळ्याच्या तोंडावर ही तक्रार गावोगावी वाढते. नेमके त्याच दिवसांत मुलांचे ॲडमिशनचे फॉर्म, सेवा केंद्रावरचे दाखले आणि खरिपाचा पीक विमा अशी सगळी कामं असतात. लॅपटॉप घेऊन तालुक्याला जायचं म्हटलं तर एक दिवस मोडतो. त्यात दुकानात ‘मदरबोर्ड गेला असेल’ असं ऐकलं, की हजारोंचा खर्च डोळ्यासमोर येतो.

पण पुष्कळ वेळा दोष लॅपटॉपच्या बाहेरच असतो. कधी बोर्डात, कधी वायरीत, कधी चार्जरमध्ये. भिंतीपासून सुरुवात करून लॅपटॉपपर्यंत एक एक टप्पा तपासत गेलं, तर बिघाड कुठे आहे ते बहुतेक वेळा घरीच कळतं.

१) आधी बोर्ड बघा

चार्जर त्याच बोर्डात पुन्हा पुन्हा लावून बघण्यापेक्षा घरातल्या दुसऱ्या बोर्डात थेट लावा. एक्स्टेन्शन मध्ये नको. सॉकेट ढिलं असेल, पिन लावताना तडतड आवाज येत असेल किंवा प्लास्टिक काळं पडलं असेल, तर दोष तिथेच आहे. ते सॉकेट वायरमनकडून बदलून घ्या.

व्होल्टेज कमी आहे म्हणून चार्जिंग होत नाही, असा अनेकांचा समज आहे. शेतातल्या मोटारी चालू झाल्या की पंखा हळू फिरतो, हे खरं. पण लॅपटॉपच्या बहुतेक चार्जरवर ‘इनपुट १०० ते २४० व्होल्ट’ असं छापलेलं असतं. म्हणजे २३० चे १७० झाले तरी चार्जर चालतो. त्याला मारतं ते वाढलेलं व्होल्टेज.

२) चार्जरचा दिवा काय सांगतो

चार्जरच्या डब्यावर किंवा पिनेजवळ छोटा दिवा असेल, तर लॅपटॉपला न जोडता चार्जर नुसता बोर्डात लावा.

दिवा लागलाच नाही, तर बोर्डापासून चार्जरच्या डब्यापर्यंत येणारी वायर बदलून बघा. बऱ्याच चार्जरची ही वायर सुटी निघते आणि स्वस्तात वेगळी मिळते. वायर बदलूनही दिवा लागला नाही, तर चार्जर गेला.

दिवा लागतो, पण पिन लॅपटॉपला लावली की विझतो, असं असेल तर लॅपटॉपच्या आत, चार्जिंग पिनेत किंवा चार्जरमध्येच दोष असू शकतो. चार्जर स्वतःला वाचवायला बंद होतो. अशा वेळी तोच चार्जर दुसऱ्या तशाच लॅपटॉपला लावून बघा. तिथे नीट चालला, तर पहिला लॅपटॉप दुकानात दाखवावा लागेल.

३) वायर कुठे तुटली?

वायर डब्यातून जिथे बाहेर निघते तिथे आणि लॅपटॉपच्या पिनेजवळ, या दोन ठिकाणी ती सर्वात जास्त वाकते आणि आतून तुटते. लॅपटॉप चालू ठेवून तिथे वायर अलगद हलवा. चार्जिंग कधी येतं, कधी जातं असं झालं तर वायर आतून तुटली आहे किंवा पिन ढिली आहे. उंदरानं कुरतडलेली किंवा तांब्याच्या तारा दिसणारी वायर असेल, तर हात लावण्याआधी बटण बंद करा. नुसती चिकटपट्टी गुंडाळून ती वापरू नका.

४) मल्टीमीटर असेल तर

मोटारीच्या कामासाठी अनेकांच्या घरी मल्टीमीटर असतो. गोल पिनेच्या चार्जरसाठी तो डीसी २०० वर ठेवा. लाल टोक पिनेच्या आत, काळं टोक बाहेरच्या कडेला. दोन्ही टोकं एकमेकांना लागू देऊ नका. चार्जरवर ‘आउटपुट १९.५ व्होल्ट’ लिहिलं असेल, तर आकडा त्याच्या आसपास यायला हवा. फारच कमी किंवा शून्य आला, तर चार्जर खराब आहे. आकडा बरोबर आला म्हणजे चार्जर शंभर टक्के चांगला, असंही नाही. काही चार्जर लोड आला की बसतात.

टाइप-सी पिनेच्या चार्जरला ही तपासणी लागू नाही. तो लॅपटॉपशी जोडल्यावरच पूर्ण व्होल्टेज देतो. मोबाईलचा टाइप-सी चार्जर पिनेत बसला, तरी बहुतेक लॅपटॉपला त्याची ताकद पुरत नाही.

५) चार्जर चांगला, तरी चार्ज होईना

लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरा. मग चार्जर लावून चालू करा. एवढ्यानंही काही वेळा काम होतं.

चार्जिंग ६० किंवा ८० टक्क्यांवरच थांबत असेल, तर बॅटरी टिकावी म्हणून दिलेली सेटिंग चालू असू शकते. तो बिघाड नाही. चार्जर काढला की लॅपटॉप लगेच बंद पडतो, तर बॅटरी संपली समजा. टचपॅड वर उचललं गेलं असेल किंवा खालचं झाकण फुगलं असेल, तर बॅटरी फुगली आहे. चार्जिंग ताबडतोब थांबवा. ती दाबू नका, टोचू नका.

झिणझिण्या येतात?

लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येत असतील, तर अर्थिंग बघून घ्या. तीन पिनांचा चार्जर दोन पिनांच्या सॉकेटात बसवायला जाड पिन मोडणं, हा प्रकार अनेक घरांत दिसतो. तो धोक्याचा आहे. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, त्यात पाणी ओतत राहावं लागतं. जोराचा झटका बसला तर वापर थांबवून वायरमनला बोलवा.

बल्ब एकदम लख्ख झाले तर

डीपीवरचा न्यूट्रल तुटला, तर घरात २३० ऐवजी ४०० च्या आसपास व्होल्टेज येऊ शकतं. बल्ब एकदम लख्ख होतात, पंखे जोरात फिरतात. अशा वेळी आधी मेन स्विच बंद करा, मग महावितरणच्या १९१२ नंबरवर कळवा. एरवीही लाईट गेली की चार्जर काढून ठेवा आणि आल्यावर पाच मिनिटांनी लावा. विजा कडाडत असताना चार्जर बोर्डात नकोच. गोधडीवर, उशीखाली चार्जर ठेवला की तो तापून लवकर जातो.

नवा चार्जर घेताना

जुना चार्जर सोबत न्या. व्होल्ट जुन्याइतकेच हवेत. अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतात, कमी नकोत. उदाहरणार्थ १९.५ व्होल्ट आणि ३.३३ अँपिअर यांचा गुणाकार ६५ वॅट होतो. त्या जागी ४५ वॅटचा घेतला, तर चार्जिंग हळू होईल किंवा होणारच नाही. काही कंपन्यांच्या पिनेत मधोमध बारीक सुई असते. तिच्यावरून लॅपटॉप चार्जर ओळखतो. ती वाकली किंवा चार्जर नकली निघाला, तर बॅटरी चार्ज होत नाही. चार्जरवर ‘आर’ने सुरू होणारा बीआयएसचा नंबर असतो. तो ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकून खरा की खोटा ते बघता येतं.

चार्जरचा डबा घरी फोडू नका. बोर्डातून काढल्यावरही आत ३०० व्होल्टच्या वर करंट साठून राहू शकतो.

आणि दुकानात गेल्यावर एवढं नक्की म्हणा, ‘खोलायच्या आधी तुमच्याकडचा याच मापाचा चार्जर लावून दाखवा.’ त्यावर लॅपटॉप चालला, तर मदरबोर्डच्या खर्चाचा प्रश्नच येत नाही. काही पार्ट बदलला, तर जुना पार्ट मागून घ्या आणि पावती घ्या.