उत्तर सांगण्याआधी प्रश्न वाचून घ्या

पालकसभेनंतर एक आई थांबून हळूच म्हणाल्या, ‘‘मॅडम, मी उर्दूतून सातवी शिकले. मुलगी मराठी शाळेत. तिचा गृहपाठ मी काय घेणार?’’ मुलीच्या वहीत गाईडमधली उत्तरं जशीच्या तशी उतरवलेली होती. ‘परिमिती’ म्हणजे काय, हे मात्र तिला सांगता येईना.

मी आईंना विचारलं, ‘‘अडीच मीटर लांब, एक मीटर रुंद ओढणीला चारही बाजूंनी लेस लावायची, तर किती आणाल?’’ त्या लगेच म्हणाल्या, ‘‘सात मीटर.’’ हीच परिमिती, उर्दूत अहाता. ओढणीचं कापड अडीच चौरस मीटर, ते क्षेत्रफळ, उर्दूत रकबा. मुलगी आईकडे बघतच राहिली.

पुष्कळदा विषय कच्चा नसतो, प्रश्नातला शब्द अडतो. म्हणून मूल विचारायला आलं की आधी प्रश्न मोठ्याने वाचायला सांगा. काय दिलंय, काय विचारलंय, हे त्याला घरच्या बोलीत सांगू द्या. विज्ञानात ‘बाष्पीभवन’ आलं तर दोरीवर वाळणारे कपडे दाखवा. इतिहासात ‘कारणे लिहा’ असेल तर ‘त्याआधी काय घडलं होतं?’ एवढंच विचारा. भाषेच्या धड्याचं उत्तर आधी तोंडी ऐका, मग लिहू द्या.

तुम्हालाही आलं नाही, तर तसं सांगा आणि प्रश्नावर खूण करून वही शाळेत पाठवा. त्या खुणेवरून मूल कुठे अडलं ते आम्हाला कळतं. गाईडमधून उतरवलेल्या उत्तरावरून कळत नाही.