कार्यगटातील परस्परसंबंध आणि भूमिकाविनिमय : पिंपरी-चिंचवड औद्योगिक पट्ट्याच्या संदर्भात

प्रस्तावना

पवना नदीकाठच्या पिंपळे सौदागर या गावाचे रूप गेल्या पाव शतकात पार पालटले आहे. शेतजमिनींच्या जागी गृहसंकुले उभी राहिली. या संकुलांतून सकाळी कोणी हिंजवडीच्या माहिती तंत्रज्ञान उद्यानाकडे जातो, कोणी भोसरीच्या लघुउद्योगात, तर कोणी चाकणच्या वाहन कारखान्यात. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. त्यानंतर टेल्को (आजची टाटा मोटर्स), बजाज ऑटो आणि त्यांना सुटे भाग पुरविणारे असंख्य लहान कारखाने येथे आले. १९७० मध्ये नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका असा या परिसराचा प्रशासकीय प्रवास झाला. या वाढीचा एक परिणाम असा की, भिन्न प्रांतांतून, भिन्न शिक्षण घेऊन आलेली माणसे एकाच कार्यगटात दिवसाचे आठ-नऊ तास एकत्र काढतात. त्यांच्यातील कुरबुरींचा परिणाम कामावर होतो, आणि कित्येकदा घरापर्यंतही पोहोचतो.

त्यावर उपाय म्हणून सहली, रस्सीखेच, लोणावळ्याच्या विश्रामस्थळी एक दिवसाचा मुक्काम असे कार्यक्रम योजले जातात. त्यातून मन रमते, हे खरे. परंतु ज्या प्रश्नावरून दोन विभागांत अबोला आहे, त्या प्रश्नाला अशा सहलीत कोणी हात घालत नाही. भूमिकाभिनय ही पद्धती नेमका तोच प्रश्न हाती घेते. ती कशामुळे परिणामकारक ठरते आणि कोठे निष्फळ, प्रसंगी अन्यायकारकही ठरू शकते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

संज्ञेविषयी थोडेसे

मराठीत ‘भूमिका’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. नट भूमिका करतो आणि संघटना भूमिका घेते. एका अर्थी तो अभिनय, दुसऱ्या अर्थी ती एखाद्या प्रश्नावरची ठाम बाजू. ‘सोंग’ या शब्दाला मात्र दिखाऊपणाचा वास आहे. भूमिकाभिनयाची सर्व शक्ती या दोन अर्थांच्या सांध्यात आहे. दुसऱ्याची भूमिका वठवताना त्याने ती बाजू का घेतली असावी, हे उमगू लागते. जेथे केवळ लकबींची नक्कल होते, तेथे सोंग उरते आणि हशा पिकतो; संबंधांत काही फरक पडत नाही.

पार्श्वभूमी

या पद्धतीचे जनक म्हणून जेकब मोरेनो यांचे नाव घेतले जाते. १८८९ मध्ये जन्मलेल्या या मनोवैद्याने १९२०च्या दशकाच्या आरंभी व्हिएन्नामध्ये संहितेविना चालणारे उत्स्फूर्त नाट्य सुरू केले. १९२५ मध्ये ते अमेरिकेत गेले. न्यूयॉर्क राज्यातील हडसन येथील मुलींच्या प्रशिक्षण शाळेत त्यांनी ‘तुला कोणासोबत राहावयास आवडेल?’ असे प्रत्येक मुलीला विचारले आणि त्या उत्तरांवरून गटातील जवळीक व दुरावा यांचे आलेख काढले. त्यातून समाजमिती ही शाखा उभी राहिली. १९३४ च्या त्यांच्या ग्रंथात तिचे विवरण आहे. व्यक्तीच्या खाजगी जखमांशी निगडित ते मनोनाट्य, आणि पद, गट व सामाजिक स्थान यांच्याशी निगडित ते समाजनाट्य, हा मोरेनो यांनी केलेला भेद कार्यालयीन वापरात कटाक्षाने पाळावयास हवा. कामाच्या ठिकाणी कोणाच्या बालपणात डोकावण्याचा अधिकार कोणालाच नाही.

आपल्याकडे हे तंत्र अगदीच परके नाही. तमाशातील बतावणी बरीचशी हजरजबाबीपणावर चालते, आणि तीत सोंगाड्या अधिकारी माणसाची खुशाल फिरकी घेतो. संत एकनाथांनी भारुडांतून जोशी, वासुदेव, गोंधळी अशा अनेकांच्या मुखाने बोलून दाखविले. १९५३ च्या अधिनियमानुसार स्थापन झालेल्या महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धांनी यंत्रावर काम करणाऱ्यांना रंगमंच मिळवून दिला. दरवर्षी ४ मार्चपासूनच्या सुरक्षा सप्ताहात कारखान्यांतून पथनाट्येही होतात. मात्र पथनाट्यात संदेश आधीच ठरलेला असतो. भूमिकाभिनयात शेवट कोणालाच ठाऊक नसतो. हा फरक लक्षात न घेतल्याने अनेक ठिकाणी भूमिकाभिनयाच्या नावाखाली उपदेशपर नाटुकली बसविली जातात.

मेयर यांचा नवा ट्रक

उद्योगातील वापराचे सर्वांत बोलके उदाहरण मिशिगन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मेयर यांचे आहे. दूरध्वनी दुरुस्तीच्या एका तुकडीत पाच कामगार व एक मुकादम आहेत. प्रत्येकाकडे स्वतःचा जुना ट्रक आहे. एक नवा ट्रक आला आहे. तो कोणाला द्यावयाचा? सहाही जणांना स्वतंत्र कागद दिला जातो आणि प्रत्येकाच्या कागदावर केवळ त्याच्यापुरती माहिती असते. एकाची नोकरी सर्वांत जुनी. एकाचे वाहन फार जुने झालेले. एकाला उपनगरात दूरवर फिरावे लागते. एकाच्या ट्रकच्या दाराला सहकाऱ्याने धक्का दिल्यापासून आत गार वारा येतो. मुकादमाच्या हाती यांतील सर्व माहिती नसते.

या खेळात दोन गोष्टी वारंवार दिसतात. मुकादमाने स्वतःच निर्णय जाहीर केला, तर तो कितीही न्याय्य असला तरी कुरकुर होते. त्याने प्रश्न गटापुढे ठेवला, तर बहुधा नवा ट्रक एकाला, त्याचा ट्रक दुसऱ्याला, अशी साखळी तयार होते आणि सर्वांत वाईट वाहन बाद होते. निर्णयाची गुणवत्ता आणि निर्णयाची स्वीकृती या दोन वेगळ्या बाबी आहेत, हे मेयर यांचे प्रतिपादन यातून स्पष्ट होते. आणखी एक गोष्ट माझ्या मते अधिक मोलाची आहे. भांडण स्वभावाचे वाटत असले तरी ते पुष्कळदा माहितीचे असते. प्रत्येकाच्या हाती वेगळा कागद आहे आणि समोरच्याच्या कागदावर काय लिहिले आहे, हे कोणी विचारलेलेच नाही.

कारखान्यातील एक प्रसंग

चाकणमधील वाहनांचे सुटे भाग बनविणारा एखादा कारखाना कल्पनेत आणू. उत्पादन विभागाचा पर्यवेक्षक आणि गुणवत्ता निरीक्षक यांचे पटत नाही. ‘मुद्दाम माल अडवतो’ ही पहिल्याची तक्रार. ‘कसाही माल पुढे ढकलतो’ ही दुसऱ्याची. आता दोघांनी जागा बदलावयाच्या. पर्यवेक्षकाने निरीक्षकाच्या टेबलाशी उभे राहावयाचे. पाळी संपण्यास वीस मिनिटे आहेत, गाडी दारात उभी आहे आणि हातातील भाग मापात किंचित चुकलेला आहे. पहिली दोन-तीन मिनिटे थट्टेत जातात. मग पर्यवेक्षकाला कळते की, हा भाग सोडला आणि ग्राहकाने परत पाठविला तर सही निरीक्षकाची आहे. निरीक्षकाला कळते की, पर्यवेक्षकाचे मोजमाप पाळीत निघालेल्या नगांवर होते. अडविलेला प्रत्येक नग त्याच्या खात्यातून वजा होतो. राग माणसावरून सरकून मोजमापाच्या पद्धतीवर येतो, आणि ती पद्धत कोणाच्या अधिकारात आहे हा योग्य प्रश्न पुढे येतो.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. २०१८ मध्ये टाल एयाल, मेरी स्टेफेल व निकोलस एप्ली यांनी पंचवीस प्रयोगांवर आधारित शोधनिबंध प्रसिद्ध केला. दुसऱ्याच्या जागी स्वतःला कल्पिल्याने त्याचे मन अधिक अचूक कळते, या समजाला त्यांत आधार मिळाला नाही. प्रत्यक्ष विचारल्याने मात्र अचूकता वाढली. म्हणून भूमिकाविनिमयानंतर मूळ व्यक्तीने ‘माझे असे नसते, असे असते’ हे सांगणे हा प्रयोगाचा गाभा समजावा. वेळेचे नियोजनही त्यानुसार असावे. दहा मिनिटांचा प्रसंग असेल तर किमान अर्धा तास चर्चेला ठेवावा. शिक्षणशास्त्राच्या प्राध्यापकांना परिचित असलेल्या शाफ्टेल यांच्या भूमिकाभिनय प्रतिमानातही नऊ पायऱ्यांपैकी प्रत्यक्ष अभिनयाच्या फार थोड्या आहेत. चर्चेच्या आरंभी प्रत्येकाने स्वतःचे नाव उच्चारून भूमिका उतरवून ठेवावी; ही साधी कृती वगळली की प्रसंगातील शब्द दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर टोमणे होऊन फिरतात.

विषम संबंधांचा प्रश्न

आतापर्यंतची उदाहरणे बरोबरीच्या माणसांची होती. या पट्ट्यातील अनेक कारखान्यांत कायम व कंत्राटी कामगार एकाच साखळीवर उभे असतात. काम सारखे, परंतु वेतन आणि नोकरीची शाश्वती निराळी. अशा गटात जागा बदलल्या तर कायम कामगाराला दहा मिनिटे कंत्राटी होता येते. कंत्राटी कामगाराला मात्र प्रयोग संपताच परत आपल्या जागी यावे लागते. शिवाय वरिष्ठांसमोर त्याने मनातले बोलावे, ही अपेक्षा त्याची उपजीविका पणाला लावणारी आहे. ब्राझीलचे नाट्यकर्मी ऑगस्टो बोआल यांच्या फोरम थिएटरमध्ये प्रेक्षक प्रसंग थांबवून रंगमंचावर येतो, तो प्रायः दबलेल्या पात्राची जागा घेण्यासाठी. दाबणारा एकाएकी सज्जन झाला असे दाखवून प्रश्न सोडविणे बोआल यांना मान्य नव्हते. हा विवेक उद्योगातील प्रशिक्षकांनी घ्यावयास हवा.

म्हणून काही अटी आवश्यक वाटतात. सहभाग ऐच्छिक असावा आणि नकाराचे कारण विचारू नये. प्रसंगातील नावे व विभाग काल्पनिक असावेत. तेथे बोललेले काहीही वार्षिक मूल्यमापनात येऊ नये आणि संचालन करणारी व्यक्ती त्या गटाची वरिष्ठ नसावी. वेतनाचा किंवा कायम होण्याचा प्रश्न असेल तर त्याची जागा वाटाघाटीच्या टेबलावर आहे. तो भूमिकाभिनयाने ‘समजून घेण्याचा’ विषय करणे म्हणजे तक्रारदारालाच समजुतीचे धडे देणे होय.

महाविद्यालयातील उपयोग

हे सर्व आपल्या महाविद्यालयांनाही तंतोतंत लागू पडते. विभागात पूर्णवेळ प्राध्यापक आणि तासिका तत्त्वावरील अध्यापक एकत्र काम करतात. नॅकच्या मूल्यांकनासाठी कागदपत्रे जमविताना कोणाच्या वाट्याला किती काम आले, यावरून मने दुखावतात. ग्रंथपाल, कार्यालयीन लिपिक व विभागप्रमुख यांचे एकमेकांविषयीचे ग्रह तर वर्षानुवर्षांचे असतात.

सत्राच्या आरंभी वेळापत्रक ठरविण्याच्या बैठकीवर असा प्रयोग करता येईल. मेयर यांच्या धर्तीवर प्रत्येकासाठी स्वतंत्र कागद तयार करावा. एकाचे मूल लहान आहे, एक दुपारी दुसऱ्या महाविद्यालयात तासिका घेतो, एकाचा शोधप्रबंध शेवटच्या टप्प्यात आहे, प्रयोगशाळा मात्र एकच आहे. विभागप्रमुखांनी या प्रसंगात तासिका अध्यापकाची भूमिका घ्यावी आणि प्रमुखाची भूमिका अन्य विभागातील एखाद्या ज्येष्ठ प्राध्यापकास द्यावी. तासिका अध्यापकांनी प्रथम निरीक्षक म्हणून बसावे आणि चर्चेत, वाटल्यास लेखी स्वरूपात व नावाविना, प्रमुखांच्या सादरीकरणात काय राहून गेले ते नोंदवावे. सुटीत मानधन मिळत नाही, ही गोष्ट बहुधा त्या नोंदींत पहिली असेल. त्यानंतर फळ्यावर दोन रकाने आखावेत. विभागाला स्वतःच्या पातळीवर बदलता येण्याजोग्या बाबी एका रकान्यात, आणि प्राचार्य, संस्था अथवा शासन यांच्याकडे विभागाने एकत्रितपणे मांडावयाच्या बाबी दुसऱ्यात. दुसऱ्या रकान्याखाली पूर्णवेळ प्राध्यापकांनीही स्वाक्षरी करावी.