संप्रेरकांचे गणित, लेखांक सहावा : पुरुषांमधील स्तनवृद्धी आणि टेस्टोस्टेरॉनचा उपचार

वृषणांमध्ये टेस्टोस्टेरॉन कसे तयार होते आणि मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी त्यावर कसा अंकुश ठेवते, याचे विवेचन मागील लेखांकात झाले. ही व्यवस्था बिघडली म्हणजे पुरुषाच्या छातीवर स्तनांसारखा उंचवटा येऊ शकतो आणि त्याच रुग्णाला टेस्टोस्टेरॉन बाहेरून देण्याची वेळही येऊ शकते. मात्र स्तनवृद्धी व टेस्टोस्टेरॉनची उणीव या दोन्हींचे मूळ एकच असले, तरी एकीवरच्या उपचाराने दुसरी आपोआप बरी होते असे नाही. हा भेद ध्यानात न घेता उपचार सुरू केलेल्या रुग्णाच्या पदरी बहुधा निराशा येते. म्हणून प्रस्तुत लेखांकात क्लाइनफेल्टर सिंड्रोम या विकाराच्या आधारे त्याचा विचार केला आहे.

पुरुषाच्या स्तनाग्रामागे जी अल्पशी ग्रंथिल ऊती जन्मतः असते, तिची वाढ होणे याला वैद्यकात गायनेकोमास्टिया म्हणतात. केवळ चरबी साठल्याने छाती फुगीर दिसणे ही निराळी बाब होय, आणि दोहोंतील फरक बहुधा हाताच्या तपासणीतच कळतो. रुग्णाला उताणे झोपवून, हात डोक्याखाली घ्यायला सांगून, डॉक्टर अंगठा व तर्जनी छातीच्या दोन्ही बाजूंनी स्तनाग्राकडे सरकवत नेतात. ग्रंथी वाढलेली असल्यास स्तनाग्राच्या बरोबर मागे रबरासारखी लवचीक चकती बोटांना लागते, आणि नुसती चरबी असल्यास असा कोणताच अडथळा न येता बोटे स्तनाग्रापर्यंत पोहोचतात. वयात येणाऱ्या सुमारे निम्म्या मुलांमध्ये अशी चकती काही काळ तयार होते व बहुतेकांमध्ये ती एक-दोन वर्षांत जिरून जाते. ती जिरली नाही, किंवा प्रौढपणी नव्याने आली, तर मात्र कारणाचा शोध घ्यावा लागतो. त्यात यकृताचा जुनाट आजार, मद्यपान, स्पायरोनोलॅक्टोनसारखी औषधे आणि वृषणांचे विकार ही कारणे प्रथम तपासली जातात.

स्तनवृद्धीचे कारण ‘पुरुषी’ संप्रेरक कमी पडणे एवढेच आहे, ही समजूत अपुरी आहे. पुरुषाच्या शरीरातही इस्ट्रोजेन असते आणि त्याचा बराचसा भाग टेस्टोस्टेरॉनपासूनच बनतो. चरबीत व इतर ऊतींत असलेले अरोमटेज नावाचे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, हे रूपांतर करते. स्तनांची ऊती इस्ट्रोजेनमुळे वाढते व टेस्टोस्टेरॉनमुळे आवरली जाते, त्यामुळे दोहोंचे परस्परप्रमाण निर्णायक ठरते. व्यायामशाळेत पिळदार शरीरासाठी वैद्यकीय सल्ल्याविना टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने घेणाऱ्या तरुणांची छाती पुष्कळदा वाढते ती याच कारणाने, कारण अतिरिक्त टेस्टोस्टेरॉनचा काही अंश इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. पुढे इंजेक्शने थांबवल्यावर त्यांची स्वतःची वृषणे काही महिने मंदावलेली राहतात आणि प्रमाण आणखीच बिघडते.

क्लाइनफेल्टर सिंड्रोममध्ये हे प्रमाण जन्मजात कारणाने ढळते. बॉस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये काम करणारे हॅरी क्लाइनफेल्टर यांनी एडवर्ड रायफेनस्टाइन व फुलर ऑलब्राइट यांच्यासमवेत १९४२ साली नऊ पुरुषांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांचे स्तन वाढलेले, वृषणे लहान आणि वीर्य शुक्राणूविरहित होते. त्यामागचे कारण १९५९ साली एडिनबरो येथे पॅट्रिशिया जेकब्स व जॉन स्ट्राँग यांनी दाखवून दिले. पुरुषाच्या पेशीत सामान्यतः ४६ गुणसूत्रे असून त्यांत एक एक्स व एक वाय असते, तर या पुरुषांमध्ये एक एक्स गुणसूत्र जास्तीचे, म्हणजे एकूण ४७ गुणसूत्रे असतात. साधारणपणे ५०० ते १००० मुलग्यांमागे एकात हा विकार आढळतो, परंतु डेन्मार्कमधील २००३ सालच्या एका अभ्यासात असे दिसले की, त्यांपैकी जेमतेम एकचतुर्थांश पुरुषांचेच निदान हयातीत होते. अनेकांना ते लग्नानंतर मूल न झाल्यामुळे केलेल्या तपासणीत समजते. आपल्याकडे अशा वेळी पत्नीच्या सर्व तपासण्या आधी उरकल्या जातात व पतीची साधी वीर्यतपासणी मागे पडते, त्यामुळे वर्षे वाया जातात.

निदानाची पहिली खूण बहुधा वृषणांच्या आकारात सापडते. झ्युरिकचे आंद्रेआ प्राडर यांनी १९६६ साली प्रचारात आणलेल्या ऑर्किडोमीटर या साधनात १ ते २५ मिलिलिटर आकारमानाचे लंबगोल मणी दोऱ्यात क्रमाने ओवलेले असतात. डॉक्टर एका हाताने वृषण चाचपून दुसऱ्या हाताने जुळणारा मणी शोधतात. प्रौढ पुरुषात हा मणी सहसा १५ मिलिलिटरचा किंवा त्याहून मोठा असतो, क्लाइनफेल्टर सिंड्रोममध्ये तो बहुधा ४ मिलिलिटरच्या आसपास भरतो. त्यानंतर सकाळी उपाशीपोटी रक्त घेऊन टेस्टोस्टेरॉनची पातळी पाहतात व ती कमी आल्यास दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासतात, कारण ही पातळी दिवसभरात बदलत असते; सोबत पीयूषिकेची एलएच व एफएसएच ही संप्रेरके मोजतात, जी या विकारात वाढलेली असतात. अंतिम निर्णय रक्तपेशींतील गुणसूत्रांच्या तपासणीवर होतो.

टेस्टोस्टेरॉन देण्याचा हेतू शरीरातील उणीव भरून काढणे हा असतो. स्नायूंची ताकद, हाडांची घनता, कामेच्छा, दाढीमिशांची वाढ व उत्साह यांवर त्याचा परिणाम दिसतो. टेस्टोस्टेरॉन एनॅन्थेटसारखी इंजेक्शने साधारण दोन ते तीन आठवड्यांनी घ्यावी लागतात आणि त्यांत पातळी आरंभी चढून पुढे उतरत जाते, त्यामुळे शेवटच्या काही दिवसांत काहींना थकवा व चिडचिड जाणवते. अनडेकॅनोएट या दीर्घकाळ टिकणाऱ्या प्रकारात दोन मात्रांमध्ये १० ते १४ आठवड्यांचे अंतर राखता येते. रोज खांद्यावर वा दंडावर चोळायच्या जेलने पातळी बरीच स्थिर राहते, पण जेल लावल्यावर हात साबणाने धुणे, जेल पूर्ण वाळू देणे आणि ती जागा कपड्याने झाकणे अनिवार्य असते. बापाच्या अंगावरचे औषध लहान मुलांच्या त्वचेतून शरीरात जाऊन त्यांच्यात अकाली पौगंडावस्थेची लक्षणे दिसल्यामुळे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ साली या जेलवर ठळक इशारा छापणे बंधनकारक केले.

या उपचाराने स्तन ओसरतात का, हा रुग्णाचा स्वाभाविक प्रश्न असतो. स्तनवृद्धी नवी असेल तर काही अंशी फरक पडू शकतो, आणि अशा वेळी टॅमॉक्सिफेन हे इस्ट्रोजेनचा परिणाम रोखणारे औषधही काही महिने देतात. परंतु वाढलेली ऊती वर्षभर टिकली की तिच्यात तंतुमय बदल होतात व त्यानंतर कोणत्याही संप्रेरकाने ती विरघळत नाही. मग शस्त्रक्रियेचाच मार्ग उरतो : स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळाच्या कडेने लहान छेद घेऊन ग्रंथी काढतात आणि आजूबाजूची चरबी नळीने शोषून घेतात. ही शस्त्रक्रिया जिवासाठी आवश्यक नसते, तथापि तालमीत उतरताना, विहिरीवर पोहताना किंवा उघड्या अंगाने पूजेला बसताना वर्षानुवर्षे संकोचणाऱ्या, भर उन्हाळ्यात सदऱ्याखाली दोन बनियन घालणाऱ्या तरुणासाठी तिला केवळ सौंदर्यशस्त्रक्रिया म्हणणे योग्य ठरत नाही. शिवाय क्लाइनफेल्टर सिंड्रोममध्ये स्तनांच्या कर्करोगाचा धोका इतर पुरुषांपेक्षा बराच अधिक असतो. म्हणून एका बाजूला सरकलेली कठीण गाठ, स्तनाग्रातून रक्तस्राव किंवा त्वचेवर खळी दिसल्यास तपासणी लांबणीवर टाकू नये.

सर्वांत महत्त्वाचा निर्णय मात्र उपचारापूर्वीचा आहे. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळू लागले की पीयूषिका वृषणांना चालना देणे थांबवते आणि शुक्राणूंची निर्मिती खालावते. म्हणजे पौरुष वाढवणारे मानले जाणारे हे औषध पितृत्वाची शक्यता घटवते. सूक्ष्मदर्शकाखाली वृषणातील ऊती तपासून शुक्राणू शोधण्याची जी शस्त्रक्रिया आता उपलब्ध आहे, तिच्यात क्लाइनफेल्टर सिंड्रोमच्या सुमारे ४० ते ५० टक्के पुरुषांमध्ये शुक्राणू सापडतात व ते गोठवून पुढे प्रयोगशाळेत गर्भधारणेसाठी वापरता येतात. मूल हवे असेल, तर हा सल्ला पहिल्या इंजेक्शनआधी घेणे हिताचे असते.

उपचार सुरू झाल्यावर तो बहुधा आयुष्यभर चालतो व त्यासोबत नियमित तपासण्याही चालू ठेवाव्या लागतात. टेस्टोस्टेरॉनमुळे तांबड्या पेशी वाढून रक्त दाट होते, म्हणून रक्तातील या पेशींचे प्रमाण, म्हणजे हिमॅटोक्रिट, ५४ टक्क्यांच्या वर गेल्यास औषध थांबवतात किंवा मात्रा कमी करतात. चाळिशीनंतर पुरःस्थ ग्रंथीवरही लक्ष ठेवतात. हृदयविकाराचा धोका असलेल्या पाच हजारांहून अधिक मध्यमवयीन व वृद्ध पुरुषांवरील ट्रॅव्हर्स या २०२३ सालच्या चाचणीत हृदयविकाराचे झटके व पक्षाघात वाढल्याचे आढळले नाही, पण हृदयाची अनियमित लय आणि फुफ्फुसात रक्ताची गुठळी अडकणे यांचे प्रमाण काहीसे अधिक दिसले.

यावरून निर्णयांचा क्रम ठरतो : आधी कारणाचे निदान, मग अपत्यासंबंधीचा विचार, त्यानंतर टेस्टोस्टेरॉन, आणि स्तनांसाठी शस्त्रक्रिया करायची की नाही याचा स्वतंत्र निर्णय. हा क्रम उलटून, छाती कमी व्हावी म्हणून टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन आधी घेतले, तर जुनी स्तनवृद्धी तशीच राहून शुक्राणू मिळण्याची संधी मात्र धोक्यात येऊ शकते. टेस्टोस्टेरॉनच्या उणिवेने हाडे ठिसूळ का होतात, याचा विचार पुढील लेखांकात केला जाईल.