जमिनीवर सांडलेली इली

झारखंडातल्या खुंटीकडच्या मुंडा गावांत पाहुण्याला आधी पाय धुवायला पाणी देतात, मग सालच्या पानांच्या द्रोणात इली. इली म्हणजे आंबवलेल्या भाताचं पेय; बाकी झारखंडात तिला हंडिया म्हणतात.

एका आजीच्या ओसरीवर बसून मी ती होताना पाहिली. शिजलेला भात तिने चटईवर पसरला आणि पार निवू दिला. गरम भातात रानू मरतं, म्हणाली. रानू म्हणजे रानातली मुळं आणि तांदळाचं पीठ कुटून केलेल्या पांढऱ्या वड्या. त्या चुरून भातात कालवल्या, भात मडक्यात भरला, तोंड पानांनी झाकलं. उन्हाळ्यात दोन-तीन दिवस पुरतात, थंडीत जास्त लागतात. मग पाणी घालून गाळायचं.

पिण्याआधी चार थेंब जमिनीवर सांडतात, पूर्वजांसाठी. मिशनऱ्यांची अडचण नेमकी इथे होती. १८४५ साली रांचीत आलेल्या गॉस्नर मिशनच्या लुथेरन पाद्र्यांनी ख्रिस्ती झालेल्यांना इली सोडायला लावली. नंतर आलेल्या जेझुइटांनी पिण्याबाबत एवढा कडकपणा केला नाही. त्यांच्यातले जर्मन पाद्री योहान हॉफमन सरवदाला राहिले, मुंडारी शिकले, १९०३ साली तिचं व्याकरण छापलं आणि मुंडांच्या रीतिभाती, सण, शेती, खाणंपिणं टिपत पुढे अनेक खंडांचा मुंडारी कोश उभा केला.

मला या चार थेंबांचं मोल फार वाटतं. ते ज्यांच्या नावाने सांडतात, त्यांनीच जंगल तोडून गाव वसवलेलं असतं. त्यांच्या अस्थी गावच्या ससनदिरी दगडांखाली असतात, आणि जमीन आपली असल्याचा मुंडांचा पुरावा म्हणजे तेच दगड. इलीचा हा विधी निव्वळ भूतपूजा म्हणून बाजूला सारणाऱ्याला खुंटकट्टी, म्हणजे जंगल तोडणाऱ्या कुळाचा जमिनीवरचा सामाईक हक्क, समजणं अवघडच.

हॉफमन यांनी एवढं टिपलं, तरी मुंडांचा मिशनऱ्यांवर विश्वास पुरता बसला नव्हता. १८९९च्या नाताळच्या आदल्या दिवशी बिरसा मुंडांच्या अनुयायांनी सरवदाच्या मिशनवरही बाण सोडले. १९०८चा छोटानागपूर कुळकायदा सरकारला करावा लागला तो या उलगुलानच्या, म्हणजे बिरसांच्या उठावाच्या, धक्क्याने. त्यात मुंडारी खुंटकट्टीला वेगळं संरक्षण मिळालं, आणि तो घडवताना हॉफमन यांची मुंडा रीतींची जाण कामी आली.