लांब पल्ल्याची गाणी

माझे वडील कुर्डुवाडी स्टेशनात तिकीटखिडकीवर होते. बार्शीला जाणारा आणि मद्रासला जाणारा, दोघांचं तिकीट एकेकच. पण रेल्वे नुसती डोकी मोजत नाही, प्रवासी-किलोमीटरही मोजते, हे मी घरीच शिकलो. प्रोग्रेसिव्ह रॉक आज लोकप्रिय आहे की नाही, हे तपासताना तोच हिशेब कामी आला.

हार्ड रॉक किंवा पंकचं गाणं साधारण तीन-चार मिनिटांत मोकळं होतं. प्रोग्रेसिव्ह रॉक, म्हणजे 'प्रोग', वाद्यं तीच घेतो, पण बडा ख्याल मांडावा तसा फुरसतीने फुलतो. 'यस'च्या 'क्लोज टू द एज'ने (१९७२) तबकडीची अख्खी एक बाजू व्यापली. त्याच वर्षी 'जेथ्रो टल'च्या 'थिक अ‍ॅज अ ब्रिक'ने दोन्ही. पिंक फ्लॉइडचं 'मनी' सात मात्रांत चालतं. रूपकावर पोसलेल्या माझ्या कानाला त्यात काही वेगळं जाणवलंच नाही; मधली गिटार चारांत शिरली, तेव्हाच चुकल्यासारखं वाटलं!

त्या काळी विकली जायची ती पूर्ण तबकडी, त्यामुळे लांबीचा तोटा नव्हता. हे 'मनी' ज्या तबकडीत आहे ती 'द डार्क साइड ऑफ द मून' (१९७३) अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत १९८८पर्यंत ७४१ आठवडे होती. मध्ये १९७६-७७ साली पंक आलं आणि प्रोग ऐकणं जुनाट ठरलं, तरीही.

आता मोजणी बदलली आहे. स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकलं की एक वेळ धरली जाते. म्हणजे अठरा मिनिटांची रचना मन लावून ऐकणाऱ्याची नोंद एक, आणि तेवढ्याच वेळात तीन-तीन मिनिटांची गाणी ऐकणाऱ्याच्या सहा. किलोमीटर मोजले म्हणून प्रोग पहिला येईल, असं मी म्हणत नाही. क्वीनचं गाणं मैदानातले हजारो लोक टाळ्यांच्या ठेक्यावर म्हणतात, तसं प्रोगचं होणं कठीण. पण दिसतं तेवढं अंतर नाही. 'टूल'चं दहा मिनिटांचं 'फिअर इनॉक्युलम' २०१९ साली बिलबोर्डच्या पहिल्या शंभरांत शिरलं. इतकं लांब गाणं तिथे त्याआधी कधीच आलं नव्हतं.

आपल्याकडेही हा श्रोता आहे. २००७ साली रॉजर वॉटर्स मुंबईत गाऊन गेला. २००९ साली 'पॉर्क्युपाइन ट्री'ला पवईच्या आयआयटीतल्या विद्यार्थ्यांनी 'मूड इंडिगो'त बोलावलं. मुंबईच्याच 'कोशिश'ने २०१३ साली 'फिरदौस' हा अख्खा प्रोग अल्बम हिंदीत केला. अभियांत्रिकी महाविद्यालयांत हे संगीत का रुजलं? किचकट जुळणी सोडवण्याची आवड, एवढंच मला सुचतं.

माझ्या फोनच्या वर्षअखेरच्या यादीत मात्र पहिलं आलं ते नातीचं बालगीत. दीड मिनिटाचं आहे.