पावसाळ्यात पायात काय घालाल?



मृग तोंडावर आला की बियाणे, खत, औषध यांची यादी घरोघर होते. इरले, प्लॅस्टिकचा कागद यांचीही आठवण होते. पायाचे नाव मात्र या यादीत क्वचितच असते. डहाणूचा पूर्वपट्टा आणि तलासरी इथे एकाच दिवसात डोंगर, वरकस, ओहोळ आणि भातखाचर तुडवावे लागते. ते तुडवायला पायात एक तर काही नसते, नाही तर स्लीपर असते.

यात धोके तीन. पहिला सापाचा. नाग, घोणस, मण्यार आणि फुरसे हे आपले चार मुख्य विषारी साप. शेतात होणारे बहुतेक दंश पाऊल, घोटा आणि पोटरीवर होतात. केंद्र सरकारने मार्च 2024 मध्ये सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. 2030 पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे हे त्याचे उद्दिष्ट आहे. ते गाठायचे तर सुरुवात बांधावरच्या पायापासून करावी लागेल.

दुसरा धोका लेप्टोचा. उंदीर व जनावरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून हे जंतू पायाच्या जखमेवाटे शरीरात शिरतात. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर मुंबईत या रोगाने बळी घेतले. ताप, डोकेदुखी, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे ही लक्षणे दिसताच प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे आणि आपण चिखलात काम करतो हे डॉक्टरांना सांगावे. तिसरा धोका रोजचाच: काटे, धसकटे आणि बोटांच्या बेचक्यातल्या चिखल्या.

मग कोणता बूट घ्यावा? चामड्याचा बूट आपल्या पावसाळ्यात कामाचा नाही. एकदा भिजला की दोन-तीन दिवस वाळत नाही, बुरशी धरतो, शिवण उसवते. कापडी बुटात चिखल बसतो. डोंगर चढणाऱ्यांचे महागडे जलरोधक बूटही घोट्यावरून पाणी आत गेले की तसेच ओले राहतात. शेतकऱ्याला गुडघ्याखालपर्यंत येणारा गमबूटच बरा. त्यात पीव्हीसीचा स्वस्त व हलका असतो. रबराचा मऊ असतो आणि ओल्या दगडावर जास्त धरतो. सपाट खाचराच्या बांधावर पीव्हीसी चालेल. ज्यांना रोज डोंगर चढायचा-उतरायचा आहे त्यांनी चार पैसे जास्त देऊन रबराचा घ्यावा.

दुकानात हे बघा. बूट दुमडून सोडा; दुमडीवर पांढरी रेघ किंवा चीर दिसली तर ठेवून द्या. तळव्याचे दात खोल आणि एकमेकांपासून मोकळे हवेत, म्हणजे चिखल अडकत नाही. आयएसआय खूण पाहा. तिच्याजवळचा परवाना क्रमांक बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. बूट संध्याकाळी, मोजा घालूनच घालून बघावा, कारण दिवसभराच्या कामाने पाय थोडा सुजलेला असतो. बोटांपुढे अर्धा इंच जागा हवी आणि चालताना टाच फार उचलता कामा नये. लोखंडी टोपीचा बूट जड पडतो. शेतात त्याची गरज नाही.

गमबूट सगळीकडे चालतो असे मात्र समजू नका. चिखलणी केलेल्या खाचरात तो रुतून बसतो, आवणीला वाकून काम करताना अडचण होते. तिथे पाय उघडा राहणारच. म्हणून जखम झाकून उतरावे आणि बाहेर येताच साबणाने पाय धुवावेत. बांधावरचे गवत कापताना, रात्री पाणी बघायला जाताना, भातकापणीत, भारे उचलताना आणि चिकूच्या वाडीत मात्र बूट हवाच. भरलेला ओहोळ बूट घालून ओलांडू नका; आत पाणी शिरले की पाय उचलत नाही. औषध फवारताना पँट बुटाच्या बाहेर ठेवा, नाही तर ओघळ थेट आत जातो.

मण्यार बहुधा रात्री झोपलेल्या माणसाला चावते. तिथे बूट उपयोगाचा नाही. खाटेवर, मच्छरदाणी खोचून झोपावे. साप चावलाच तर आवळून बांधू नका, कापू नका, भगताकडे वेळ घालवू नका. हात किंवा पाय हलू न देता 108 ला फोन करा आणि रुग्णालय गाठा.

आता घरातल्या कारभाऱ्यांना एक सांगणे. बूट येतो तो फवारणी करणाऱ्या पुरुषासाठी. गवताला, सरपणाला आणि बांधावर जास्त वेळ असते ती घरची बाई, अन् तिचा पाय उघडा. दुकानात सहा ते दहा नंबरच मांडलेले असतात. तिच्यासाठी तीन, चार, पाच नंबर मागून घ्या. चार-पाच घरांनी मिळून मागणी केली तर दुकानदार आणून देतो.

बूट टिकवणेही सोपे आहे. काम झाल्यावर आत-बाहेर साध्या पाण्याने धुवा, आत रद्दी कोंबून सावलीत वाळवा. चुलीजवळ ठेवू नका, रॉकेल किंवा ऑइल लावू नका. आणि रोज घालण्याआधी उलटा करून आपटा. विंचू किंवा सापाचे पिल्लू आत बसलेले असू शकते.

सरपंच व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनीही मनावर घ्यावे. पाणीपुरवठा व सफाईचे कर्मचारी पावसात अनवाणी फिरू नयेत. आपले दोन्ही तालुके पेसा क्षेत्रात आहेत आणि 5 टक्के अबंध निधीत आरोग्याच्या बाबी बसतात. बूट त्यात बसतात का, हे नियम पाहून येत्या ग्रामसभेत विषय ठेवावा.

खताच्या एका गोणीने पीक थोडे वाढेल. पण ते कापायला घरचा माणूस धडधाकट हवा. यंदाच्या यादीत बियाण्याच्या खालीच बूट लिहा, आणि घरात जेवढे पाय शेतात जातात तेवढे जोड लिहा.