चार तासांच्या आत

सातारच्या एमआयडीसीत एका फिटरनं माझ्या तळहातावर तुटलेल्या अ‍ॅलन बोल्टचं डोकं ठेवलं. आदल्या संध्याकाळी टॉर्क रेंच लावून त्यानंच तो आवळला होता. मशीन अजून सुरूही झालं नव्हतं. सकाळी येऊन बघतो तर डोकं खाली पडलेलं. त्यावर १२.९ हा आकडा उठवलेला होता. म्हणजे दर चौरस मिलिमीटरला १२०० न्यूटन, आपल्या भाषेत सव्वाशे किलोच्या आसपास ओढ सोसणारं पोलाद. चांगलं पोलाद तुटण्याआधी थोडं लांबतं, एका जागी बारीक होतं. इथं तसलं काही झालं नव्हतं. तुटलेली जागा सपाट आणि दाणेदार होती. "माल खोटा नव्हता," फिटर म्हणाला. "प्लेटिंगला गेला आन् मेला."

नुसता आवळून ठेवलेला बोल्ट रातोरात मरतो कसा, हे समजून घ्यायला मी कुपवाडला गेलो. सांगली-मिरजेच्या अंगाला असलेल्या या वसाहतीत झिंक प्लेटिंगची दुकानं आहेत. त्यातल्या एका दुकानात ब्यारलवर काम करणाऱ्या अण्णांनी मला उभं राहू दिलं. शेडमध्ये पाय टाकला की आधी घशाला कळतं आपण कुठं आलोय. हायड्रोक्लोरिक ॲसिडची वाफ नाकाला झोंबते, जिभेवर आंबट बसते. अण्णांना ती आता जाणवत नाही म्हणे. गमबूट, रबरी हातमोजे आणि तोंडाला बांधलेला टॉवेल एवढंच त्यांचं संरक्षण. मला ते फारच अपुरं वाटलं.

काम ठरलेलं आहे. माल तेलकट येतो, तो धुवायचा, गंज आणि काळपटी काढायला ॲसिडात बुडवायचा, पुन्हा धुवायचा, ब्यारलमध्ये भरून झिंकच्या टाकीत वीज सोडायची, बाहेर काढून धुवायचा. यात दोन ठिकाणी हायड्रोजन तयार होतो. ॲसिड लोखंडाला खातं तेव्हा, आणि टाकीत झिंक चढत असतं तेव्हाही. बहुतेक हायड्रोजन बुडबुडे होऊन वर येतो आणि उडून जातो. थोडा मात्र जोडीनं रेणू होण्याआधीच सुट्या अणूच्या रूपात पोलादात शिरतो. हायड्रोजनचा अणू अगदीच लहान. लोखंडाच्या अणूंमधल्या फटी त्याला वाटेसारख्या मोकळ्या असतात.

"लोखंड गॅस पितंय बघा," अण्णा म्हणाले. "दाखवतो."

त्यांनी स्प्रिंगच्या तारेचे तीन तुकडे आणले. पहिला कोरा. पक्कडीत धरून त्यांनी तो दुमडला, सरळ केला, पुन्हा दुमडला. काही झालं नाही. दुसरा थोडा वेळ ॲसिडात ठेवलेला होता. तो धुऊन पक्कडीत धरला आणि वाकवायला घेतला, तोच अर्ध्या वाटेत काडकन तुटला. अण्णांनी तुटलेल्या टोकावर बोटानं पाण्याचा एक थेंब ठेवला आणि माझ्या डोळ्यांजवळ आणला. तुटलेल्या तोंडातून बारीक फेस येत होता. अगदी बारीक, उजेडाकडे धरल्याशिवाय न दिसणारा, पण एक बुडबुडा फुटला की त्याच जागी दुसरा. तिसरा तुकडा आदल्या दिवशी ॲसिडातून काढून नुसता ठेवलेला होता. तो पहिल्यासारखाच दुमडला. गॅस रात्रीत निघून गेला होता आणि तार बरी झाली होती.

अण्णांचा हा खेळ फार जुना आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं. १८७५ साली डब्ल्यू. एच. जॉन्सन यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे नेमकं हेच मांडलं होतं: काही मिनिटं ॲसिडात राहिलेली लोखंडी तार एका वाकवण्यात तुटते, तुटलेलं तोंड ओलं केलं तर फेसाळतं, आणि काही काळानं तार आपोआप सावरते. मी हे सांगितल्यावर अण्णा हसले. "मग दीडशे वर्षं झाली की," म्हणाले. "अजून बोल्ट तुटतातच."

तार वाकवताना आत काय घडतं, ते सांगायला हवं. धातू ताणला की सुरुवातीला तो फक्त ओढला जातो, सोडला की मूळ लांबीवर येतो. त्यापुढे ताणला की कायमचा लांबतो. तेव्हा अणूंचे थर एकमेकांवरून घसरतात, पण अख्खा थर एकदम सरकत नाही. जड सतरंजी ओढण्याऐवजी तिला एक सुरकुती पाडून ती या टोकापासून त्या टोकापर्यंत रेटत न्यावी, तसं ते घसरणं आत फिरतं. सुरकुतीत साचलेली धूळ जशी तिच्याबरोबर पुढं जाते, तसा अडकलेला हायड्रोजनही या सुरकुत्यांबरोबर वाहत जातो. त्या पृष्ठभागाशी आल्या की तो बाहेर. १९७६ मध्ये डोनोव्हन या अमेरिकी संशोधकानं ट्रिटियम हा हायड्रोजनचा किरणोत्सारी भाऊबंद धातूंत भरून ते यंत्रात ताणले. किरणोत्सारामुळे किती वायू बाहेर पडतोय ते मोजता येत होतं. धातू कायमचा लांबू लागला, की वायू बाहेर पडण्याचा वेग झपाट्यानं वाढलेला दिसला.

हे ऐकून वाटेल, बरंच झालं की, ताणला म्हणजे गॅस निघून जाईल. माझ्याही मनात तेच आलं. पण हायड्रोजन ताणाबरोबर फक्त बाहेरच धावतो असं नाही. जिथं ताण सर्वांत जास्त, तिथंही तो गोळा होतो. बोल्टमध्ये अशा जागा दोन: आट्याची खाच आणि डोक्याखालचा कोपरा. वजनानं दहा लाखांत एक-दोन भाग हायड्रोजनही कडक पोलादाला पुरतो. बोल्ट आवळणं म्हणजे त्याला ताणून ठेवणंच. मग रात्रभर अणू त्या कोपऱ्याकडे सरकत राहतात, बारीक चीर पडते, चिरेच्या टोकाशी आणखी हायड्रोजन येतो, आणि पहाटे कधीतरी डोकं गळून पडतं.

मऊ लोखंडाला याचं एवढं भय नाही. किर्लोस्करवाडी १९१० मध्ये उभी राहिली तेव्हा या भागात लोखंडी नांगर घडत होते. त्यांचं बीड ॲसिडाच्या टाकीत जात नव्हतं आणि त्याला कुणी तारेसारखं ताणतही नव्हतं. ८.८ च्या, म्हणजे कमी कडक बोल्टलाही सहसा धोका नसतो. पोलाद जितकं कडक, तितकं ते हायड्रोजनला हळवं. आपण हलक्या वजनात जास्त ताकद मागायला लागलो, तशी ही काळजी वाढत गेली.

अण्णांच्या कामातली मला सतत आठवणारी गोष्ट म्हणजे खडू. झिंकच्या टाकीतून लॉट बाहेर आला की ते ट्रेवर खडूनं वेळ लिहितात. ११.२०. पुढच्या ट्रेवर १२.०५. "चार तासांच्या आत," ते म्हणतात. चार तासांच्या आत माल भट्टीत गेला पाहिजे, नाहीतर चिरा पडायला सुरुवात होऊ शकते, आणि पडलेली चीर कुठल्याही भट्टीत बुजत नाही. तार रात्रीत बरी झाली, कारण ती उघडी आणि बारीक होती. बोल्ट जाड, वरून झिंकचं झाकण. त्यातून हायड्रोजन सहज सुटत नाही. म्हणून भट्टी साधारण २०० अंशांवर ठेवून माल तासन् तास भाजावा लागतो. फार कडक मालाला आठ तास, कधी चोवीस. रंग आणि चकाकी देणारं पॅसिवेशन त्यानंतर, कारण तो थर भट्टीत टिकत नाही. त्यामुळे भट्टीत जाणारा माल मळकट, अर्धवट दिसतो. गिऱ्हाईक ज्या चकाकीवर खूश होतं, ती शेवटी येते.

मी होतो त्या दुपारी लाईट गेली. अण्णांनी घड्याळ बघितलं, मग खडूच्या आकड्यांकडे बघितलं. मालक जनरेटर सुरू करायला धावले. डिझेलचा खर्च त्या लॉटच्या मजुरीतून सुटणार नव्हता, तरी त्यांनी तो केला. त्या दोघांबद्दल माझ्या मनात जो आदर निर्माण झाला, तो मी लपवणार नाही. भाजलेला बोल्ट आणि न भाजलेला बोल्ट शेजारी ठेवले तर जगातला कुणीही डोळ्यांनी फरक सांगू शकत नाही. खात्री करायची तर नमुने ताणून २०० तास टांगून ठेवायचे, अशी चाचणी आहे. जॉबवर्कचा माल संध्याकाळी न्यायला टेम्पो दारात उभा असताना २०० तास कोण थांबणार? प्लेटिंगचा भाव किलोवर ठरतो आणि दरवर्षी घासाघीस होते. भट्टीचे तास गाळणं ही सर्वांत सोपी बचत आहे. ज्यांनी ती केली त्यांना मी दोष देईन, पण त्यांच्याकडून कमी भावात काम करून घेणाऱ्यांना जास्त देईन.

मोठ्या कामांनाही हे चुकत नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या बे ब्रिजवर मार्च २०१३ मध्ये ९६ जाडजूड रॉड ताणून बसवले. काही दिवसांत त्यातले ३२ तुटले. तिथं दोष प्लेटिंगच्या टाकीचा नव्हता. पोलाद गरजेपेक्षा कडक होतं, आणि पाणी साचलेल्या भोकांत काढलेल्या वर्षांत त्यात हायड्रोजन शिरला. हायड्रोजन शिरायला वाट एकच नसते. निदान टाकीची वाट तरी बंद व्हावी म्हणून मोठ्या, कडक बोल्टांसाठी हल्ली झिंक-फ्लेकचा लेप निवडतात. तो रंगासारखा चढवून भाजतात, विजेची टाकी लागत नाही. तो महाग पडतो, आणि लहान वर्कशॉपवाला अजून चकाकत्या झिंककडेच येतो.

तेव्हा १०.९ किंवा १२.९ चे बोल्ट प्लेटिंगला पाठवणाऱ्या सातारा-सांगलीतल्या प्रत्येक उद्योजकाला माझी एक विनंती आहे. माल परत येताना चलनाबरोबर भट्टीचा तक्ता मागा. त्यावर टाकीतून माल काढल्याची वेळ आणि भट्टीत घातल्याची वेळ, दोन्ही असल्या पाहिजेत, आणि त्यांच्यातलं अंतर चार तासांच्या आत असलं पाहिजे. आणि भट्टीत भाजण्याचे पैसे बिलात वेगळे लावायला सांगा, ते घासाघीस न करता द्या.